जर्मनीत किराणा, अंड्याविना जेवण आणि टिप: माहिती हवी

भटक्या
जूनमध्ये आईबाबांना घेऊन म्युनिक आणि श्टुटगार्टला चाललोय. राहणार अपार्टमेंटमध्ये, म्हणजे किराणा आपणच आणायचा. आई अंडंही खात नाही. पाण्याच्या बाटलीवर लावलेले जादा पैसे परत कसे मिळवायचे, आईने काय खायचं आणि टिप कशी द्यायची?

चकली
ती अनामत, तिकडे फांड म्हणतात. एकदाच वापरायच्या प्लास्टिक बाटलीला आणि कॅनला २५ सेंट, बिअरच्या साध्या काचेच्या बाटलीला ८, पुन्हा भरायच्या इतर बऱ्याच बाटल्यांना १५. शेल्फवरच्या किमतीत ही रक्कम धरलेली नसते, म्हणून बिल फुगतं.

सुपरमार्केटमध्ये मशीन असतं. बाटल्या एकेक करून आडव्या सरकवा, शेवटी बटण दाबून पावती घ्या आणि खरेदीचं बिल करताना कॅशियरला द्या. पावती त्याच दुकानात वटवा, दुसरीकडे सहसा चालत नाही. बाटली चुरगळू नका आणि लेबल सोलू नका. मशीन बारकोड वाचतं, तो वाचता आला नाही की बाटली परत बाहेर येते. ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गला जाऊन आलात तर तिथली बाटली जर्मन मशीन घेणार नाही.

किराणा मात्र शनिवारीच भरा. रविवारी दुकानं बंद, फक्त मोठ्या स्टेशनातली आणि काही तास बेकऱ्या उघड्या. म्युनिकला एरवीही रात्री ८ ला शटर खाली.

आमसूल
आईंसाठी नुसतं ‘शाकाहारी’ पुरेसं नाही. केझश्पेट्झलेत, म्हणजे चीज घातलेल्या तिकडच्या नूडल्समध्ये, मांस नसलं तरी त्याच्या पिठातच अंडं असतं. बव्हेरियातले, म्हणजे म्युनिककडचे पावाचे गोळे, झेमलक्न्योडल, तेही अंड्यानेच बांधलेले. श्टुटगार्टकडच्या बटाट्याच्या सॅलडमध्ये बहुधा मांसाचं पाणी घालतात, आणि ते दिसत नाही. ‘वेगन’ लिहिलेलं घेतलं की प्रश्नच मिटतो.

श्पारगल, म्हणजे पांढरा शतावर, २४ जूनपर्यंत मिळतो. तो जरूर खाऊ घाला, पण उकडलेले बटाटे आणि वितळलेलं लोणी एवढंच सांगा. सोबतच्या हॉलंडेझ सॉसमध्ये बलक असतो.

भटक्या
मेनूत अ‍ॅलर्जीची यादी असते ना? ती बघून भागेल?

आमसूल
अंड्यापुरतं भागेल. मांसाचं पाणी, डुकराची चरबी आणि जिलेटिन त्या यादीत येतच नाहीत, ते तोंडी विचारायचं. काही ब्रेत्झेलमध्येही, म्हणजे पीळ दिलेल्या खारट पावातही, चरबी असते. पाकीटबंद मालावर मात्र सगळे घटक छापलेले असतात, दही-पुडिंगवर जिलेटिन शोधा.

फुटाणा
टिप टेबलावर ठेवून निघायची पद्धत नाही. पैसे देतानाच एकूण आकडा सांगायचा: बिल २७.४० युरो असेल तर ‘३०’ म्हणा, वेटर तेवढेच घेईल. कार्ड असेल तर मशीनला लावायच्या आधी सांगा. ५ ते १० टक्के पुष्कळ झाले. बिल एकत्र की वेगवेगळं हे तो स्वतःच विचारतो. नुसतं ‘पाणी’ मागितलंत तर बहुधा सोड्याचं येईल, तेही विकतचं. साध्यासाठी ‘श्टिलेस वासर’ म्हणा.

आणि आईंसाठी सर्वात सोपं: म्युनिकचे पारंपरिक बिअर गार्डन. तिथे स्वतःचा डबा नेऊन खायची रीतसर मुभा आहे, फक्त पेय तिथलंच घ्यायचं. हे उघड्या लाकडी टेबलांपुरतं. टेबलावर कापड अंथरलेलं असेल तर तिथे वेटर वाढतो, तिथे डबा काढू नका.