मदत हवी आहे: वृद्धाश्रमात आत्याची काळजी नीट घेतली जातेय का, हे कसं ओळखायचं?

नमस्कार. बरीच वर्षं नुसती वाचक आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबलं तर सांभाळून घ्या.

माझी आत्या ८१ वर्षांची. शाळेतून निवृत्त, लग्न केलं नाही. गुहागर तालुक्यात वाडीतल्या घरी एकटीच राहायची. गेल्या पावसाळ्यात पाखाडीवरच्या शेवाळावरून पाय सरकला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, वॉकर धरून चार पावलं टाकते. तेव्हापासून माझ्याकडे ठाण्याला होती. पण आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आम्ही दोघंही नोकरीला आणि दिवसाची बाई काही टिकेना. शेवटी तीच म्हणाली, "मला आपल्या बाजूला कुठंतरी ठेव गो. इथं मला कावळासुद्धा ओळखीचा नाही." म्हणून मे महिन्यात दापोली तालुक्यातल्या एका वृद्धाश्रमात ठेवली. नाव लिहीत नाही, कारण माझंच मत अजून पक्कं झालेलं नाही.

जागा बघताक्षणी आवडली होती. झाडलेलं अंगण, जास्वंदी, चकचकीत फरशी, भिंतीवर दिनक्रमाचा तक्ता. रोज व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो येतो. भेट रविवारी ११ ते १, तीही आधी फोन करून. मी खेडपर्यंत गाडीनं, पुढं एसटीनं, महिन्यातून एकदा जाते.

मागच्या रविवारी गेले तर तिथं काम करणाऱ्या मावशी दारातच म्हणाल्या, "आजींना आता फारसं कळत नाही हो. विचारावं एक, सांगतात भलतंच." मला धस्स झालं. आत्या समोर बसून नुसती हसत होती. मग कपाटाचा खण उघडला. कानाचं यंत्र डबीत, सेल संपलेला. मेमध्ये सहा सेलची पट्टी दिली होती, त्यातला एकच काढलेला. नवीन सेल घालून यंत्र कानात बसवलं, तर पहिलं वाक्य काय? "अगो, तो पंखा किती करकरतोय! कुणी तेल नाही का घालत?" म्हणजे दोन महिने बाईला ऐकूच येत नव्हतं आणि सगळे समजत होते की तिचं डोकं चालत नाही.

त्यानंतर मला जे ते खटकायला लागलं. हातातली बांगडी, जी साबण लावल्याशिवाय निघत नसे, ती कोपराकडे सरकत होती. पाण्याचा तांब्या खिडकीत, तिचा हात पोचणार नाही इतका लांब. उजव्या टाचेवर रुपयाएवढा जांभळट डाग. "चप्पल लागली असेल" असं उत्तर मिळालं. जी बाई दिवसभर पलंगावर असते ती चप्पल घालते कधी?

मी उगाच बाऊ करतेय का? एका भेटीत नेमकं काय बघावं, कुठली वही मागावी? आणि मी विचारणा केली तर राग आत्यावर निघेल, ही खरी भीती आहे.

प्रतिसाद

ताई, मी ३० वर्षं वॉर्डात नोकरी केलेली सिस्टर. बाऊ अजिबात नाही.

आधी टाच. जांभळट डाग म्हणजे वरची कातडी शाबूत दिसली तरी आतलं मांस दबलेलं असू शकतं. डॉक्टरांना लगेच दाखवा. तोवर पोटरीखाली उशी ठेवून टाच अधांतरी राहू द्या. तेल लावून चोळू नका, आपल्याकडे चोळणारे फार. पुढच्या वेळी कूस वळवून माकडहाड आणि दोन्ही खुबे बघा. लालसर भाग दिसला तर बोटानं दाबून सोडा. पांढरा पडून परत लाल झाला तर ठीक. लालचा लालच राहिला तर ती शय्याव्रणाची, म्हणजे एकाच कुशीवर पडून राहून दाबानं होणाऱ्या जखमेची, पहिली पायरी. सावळ्या अंगावर लाली पटकन दिसत नाही, तिथं हात लावून गरम किंवा कडक लागतं का पाहायचं.

दुसरं, वजन. बांगडी खोटं बोलत नाही, पण काटा आणवाच. महिन्यात ५ टक्के किंवा सहा महिन्यांत १० टक्के उतरलं तर कारण शोधायलाच हवं. कवळी सैल झाली, भरवायला माणूस नाही, की ताट जसंच्या तसं उचललं जातं? म्हणून जेवणाच्या वेळी जा. रविवारी ११ वाजता कुठलाही आश्रम मंगलकार्यालयासारखाच दिसतो.

गोळ्यांची यादी मागा. झोपेची गोळी नव्यानं सुरू झाली असेल तर कुणी लिहून दिली, कशासाठी, हे विचारा. दुपारी चारला अख्खा हॉल गाढ झोपलेला असेल तर मला तरी ते बरं वाटत नाही.

प्रतिसाद

आजकालच्या लोकांना म्हातारी माणसं नकोच असतात. घरी आणा, सगळे प्रश्न मिटतील.

प्रतिसाद

वरच्या साहेबांनी तिसऱ्या मजल्यावर वॉकर चढवून दाखवावा, मग बोलू.

मी अशाच एका ठिकाणी व्यवस्थापक होतो, म्हणून दुसरी बाजू सांगतो. या पट्ट्यात माणूस मिळत नाही. मुलगी कामात तयार झाली की माणसं पुरवणाऱ्या ब्युरोमार्फत मुंबईला जाते, तिथं पगार जास्त. गणपतीत निम्मा स्टाफ रजेवर. त्यामुळे पहिला प्रश्न असा विचारा: रात्री १० ते सकाळी ६ किती जण जागे असतात आणि उचलून कूस बदलायची अशी माणसं किती? उत्तरापेक्षा उत्तर द्यायला लागलेला वेळ बघा.

दुसरा प्रश्न विजेचा. आपल्याकडे पावसात लाइट किती वेळ जाते ते सांगायला नको. असे व्रण होऊ नयेत म्हणून देतात ती हवेची गादी पंपावर चालते, वीज गेली की ती बसते आणि पेशंट थेट फळीवर. इन्व्हर्टरवर गादीचा पंप जोडलाय की फक्त ऑफिसचा टीव्ही? अपरात्री त्रास झाला तर गाडी कुणाची, ड्रायव्हर कुठं झोपतो, हेही.

आणि एक विनंती. दारोगा होऊन जाऊ नका. रात्रीच्या मावशीला नावानं हाक मारा, तिच्यासाठी काहीतरी न्या. खरं काय ते तीच सांगेल. नातेवाईकही कमी नसतात, मधुमेहाच्या माणसाच्या उशाखाली बुंदीचे लाडू ठेवून गेलेले पाहिलेत मी.

प्रतिसाद

माझी मुलगी इंग्लंडमध्ये केअर होममध्ये काम करते. तिथं केअर क्वालिटी कमिशन नावाची सरकारी यंत्रणा तपासणी करते, बऱ्याचदा न कळवता. पाच गोष्टी बघतात: सुरक्षितता, परिणाम, आपुलकी, त्या माणसाच्या गरजेप्रमाणे वागणं आणि कारभार. मग चारपैकी एक शेरा मिळतो आणि तो दर्शनी जागी लावणं कायद्यानं सक्तीचं. अहवाल कुणालाही वाचता येतो. मुलगी सांगते, कानाचं यंत्र आणि चष्मा सकाळी लावला का, हे तिथं प्रत्येकाच्या काळजीच्या नोंदीत लिहितात. तुमच्या आत्याचा किस्सा तिला सांगितला तर म्हणाली, एवढ्यावरूनच मला त्या जागेचं बरंच कळलं.

प्रतिसाद

कुणीतरी प्रांताकडे (उपविभागीय अधिकाऱ्याकडे) तक्रार करा म्हणेल, म्हणून आधीच सांगतो. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यातलं प्रांतांचं न्यायाधिकरण हे मुख्यतः निर्वाह खर्चासाठी, मुलांनी पोसावं म्हणून. आश्रमाच्या कारभाराबद्दल आधी लेखी पत्र संस्थेला द्या, पोच घ्या, मग जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात जा. १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन आहे, सकाळी ८ ते रात्री ८, फोन फुकट. पुढची वाट ते सांगतात.

धागाकर्ती

सर्वांचे आभार. काल बुधवारी रजा टाकून न कळवता गेले. पोचायला संध्याकाळचे सात वाजले. हातानं जेवणाऱ्यांची जेवणं सहालाच उरकलेली. एक मावशी चौघांना आळीपाळीनं भरवत होती, आत्याचं ताट झाकून ठेवलेलं, मऊ भात गार होऊन वडी पडलेली. मी भरवला तर सगळा खाल्ला. वर "मीठ कमी आहे" म्हणाली. कानात यंत्र होतं, हे मात्र नोंदवते.

कूस बदलण्याचा तक्ता मागितला. कुरकुर न करता दिला. दर दोन तासांनी सही, एकाच निळ्या पेनानं, एकाच अक्षरात. घड्याळात ७:२० झाले होते आणि रात्री ८ व १० च्या चौकटीत सह्या होऊन गेल्या होत्या! मी काही बोलले नाही, फक्त त्या चौकटीवर बोट ठेवलं. व्यवस्थापकांचा चेहरा उतरला. नंतर रात्रीच्या मावशी जिन्यात भेटल्या. "ताई, मी एकटी आणि माणसं २८. कुणाकुणाला वळवू?" त्यांच्यावर कसली चिडणार?

आज सकाळी दापोलीतल्या डॉक्टरांना दाखवलं. टाचेचा दाबाचाच व्रण, पण कातडी फुटलेली नाही. वजन ४२ किलो, मेमध्ये ४६ होतं. झोपेची गोळी यादीत नाही, एवढं बरं. दर सोमवारी वजन आणि रात्री दुसरी बाई, असं संस्थेनं लिहून दिलंय. गणपतीपर्यंत वाट बघणार, नाहीतर दुसरी जागा शोधणार. आत्याला विचारलं तर म्हणते, "इथनं गाज ऐकू येते गो, आता यंत्र आहे तर." म्हणून हलवताना जीव खालीवर होतोय.

आता दोन गोष्टी हव्यात. दापोली, हर्णे, आंजर्ले या बाजूला कुणी राहत असेल आणि आठवड्यात एकदा, रविवार सोडून, जेवणाच्या वेळी दहा मिनिटं डोकावू शकत असेल तर मला व्यक्तिगत निरोप करा, जाण्यायेण्याचा खर्च मी देईन. आणि यंत्राचे सेल या दमट हवेत लवकर उतरतात का? दोन आठवडे टिकतील म्हणाले होते, आताचा नवव्या दिवशीच गेला.