सोल्डर पेस्टचे घरगुती यंत्र : ठिपके एकसारखे का पडत नाहीत?

मागवाला (प्रश्न) : धागा तुटताच यंत्रमाग थांबवणारे छोटे बोर्ड मी सोलापुरात तयार करतो. मागणी थोडी असते आणि कारखानदारागणिक आराखडा बदलतो, त्यामुळे दर वेळी स्टेन्सिल (पेस्ट नेमक्या जागी लावण्यासाठी छिद्रे पाडलेला पातळ पत्रा) करून घेणे परवडत नाही. म्हणून जुन्या थ्रीडी प्रिंटरच्या सांगाड्यावर सोल्डर पेस्टची (कथलाच्या बारीक कणांचा लेप, जो तापवून सुटे भाग बोर्डावर जोडतात) १० मिलीची सिरिंज बसवून, तिचा दट्ट्या प्रिंटरच्याच स्क्रूने व स्टेपर मोटरने (ठरावीक टप्प्यांनी फिरणाऱ्या मोटरने) दाबण्याची सोय केली आहे. सुई नेमकी पॅडवर (सुटा भाग जोडण्याच्या बोर्डावरील धातूच्या जागेवर) जाते. परंतु सुरुवातीचे पॅड कोरडे राहतात आणि पुढे मोटर थांबली तरी पेस्ट येतच राहते. दोष प्रोग्रॅममध्ये शोधावा की यंत्रात?

पक्कड (उत्तर) : यंत्रात. हिशेब मांडला की लगेच लक्षात येईल. प्रिंटरचा स्क्रू बहुधा एका फेऱ्यात ८ मिमी सरकतो. एका फेऱ्याला २०० स्टेपची मोटर आणि प्रत्येक स्टेपचे १६ भाग, म्हणजे मायक्रोस्टेप, धरल्यास एका मायक्रोस्टेपला दट्ट्या अडीच मायक्रॉन पुढे जातो. सिरिंजचा आतला व्यास १५ मिमी धरला, तर तेवढ्यात सुमारे ०.४४ घनमिमी पेस्ट ढकलली जाते. ०.८ मिमी चौरस पॅडवर ०.१२ मिमी जाडीचा थर द्यायला मात्र ०.०८ घनमिमी पुरते. म्हणजे तुमचे सर्वांत लहान माप गरजेच्या पाचपटीहून मोठे आहे! ३ मिलीची सिरिंज, एका फेऱ्यात ०.८ मिमीच सरकणारा एम-५ (५ मिमी जाडीचा) स्क्रू आणि गिअर असलेली मोटर घ्या. उरलेला दोष रबरी दट्ट्याचा व आत अडकलेल्या हवेचा आहे. दोन्ही आधी दबतात आणि मग सावकाश प्रसरण पावतात. त्यासाठी प्रत्येक ठिपक्यानंतर दट्ट्या थोडा मागे घेण्याची आज्ञा प्रोग्रॅममध्ये घालावी.

कथील (उत्तर) : पेस्ट कोणत्या प्रकारची (कणांच्या आकारावरून ठरणाऱ्या टाइपची) आहे, हे आपण लिहिलेले नाही. टाइप-३ मध्ये कण ४५ मायक्रॉनपर्यंत असतात आणि सुईचे भोक सर्वांत मोठ्या कणाच्या किमान सातपट तरी असावे लागते. २५ गेजच्या (सुमारे ०.२५ मिमी भोकाच्या) सुईत ती हमखास तुंबते. टाइप-५ चे कण १५ ते २५ मायक्रॉनचे असल्याने ती बारीक सुईतून सहज उतरते. स्टेन्सिलसाठीची घट्ट पेस्ट सिरिंजमध्ये भरू नये. धातूच्या सरळ सुईपेक्षा निमुळती प्लास्टिकची सुई बरी, कारण तिला दाब कमी लागतो.

मागवाला : पेस्ट टाइप-३ आणि सुई २५ गेजचीच आहे. दुपारी ठिपके सकाळपेक्षा मोठे पडतात, याचे कारण उन्हाळा असावा का?

कथील : होय. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४० च्या वर असतो आणि तापलेली पेस्ट पातळ होते. खोलीचे तापमान स्थिर ठेवावे आणि सिरिंज फ्रिजमधून काढून, खोलीच्या तापमानाला आल्याखेरीज उघडू नये. अन्यथा आत दव धरून रीफ्लोच्या (पेस्ट तापवून वितळवण्याच्या) वेळी कथलाचे बारीक गोळे उडतात.

पक्कड : एखाद्या आराखड्याची मागणी वारंवार येत असेल, तर तेवढ्यापुरते स्टेन्सिल करून घ्यावे, फ्रेम नसलेलेही चालते.