शब्दचर्चा: पोवळे, प्रवाळ आणि त्याच्या पेशीतले शेवाळ

सांजवात:
शाळकरी मुलांसाठी प्रवाळांवर एक छोटी सचित्र पुस्तिका लिहिते आहे. पहिल्याच पानावर अडले. वाक्य असं होतं: "प्रवाळ हा प्राणी असून त्याच्या पेशींमध्ये सहजीवी शैवाल असते." यात चूक काही नाही. पण सहावीतल्या भाचीला वाचून दाखवलं, तर ती म्हणाली, "प्रवाळ म्हणजे आजीच्या अंगठीतलं पोवळं ना? त्यात शेवाळं कसं होईल? आणि सहजीवन तर आईबाबांच्या लग्नाच्या वाढदिवसाच्या केकवर लिहिलं होतं."

दोन्ही शंका मला रास्त वाटल्या, म्हणून इथे विचारते. प्रवाळ आणि पोवळे एकच का? 'सहजीवन' हाच शब्द ठेवावा का? त्या शेवाळाला 'झूझॅन्थेली' म्हणतात, त्याला तोंडात बसेल असा मराठी शब्द आहे का? आणि समुद्र तापला की प्रवाळांचं जे होतं त्याला वर्तमानपत्रं 'विरंजन' म्हणतात. मुलांना त्यातून काय कळेल?

निरुक्त:
ताई, शब्द मुळात एकच. संस्कृत प्रवाल, प्राकृत पवाल, मराठी पोवळे. संस्कृतात प्रवाल म्हणजे पोवळे तसाच कोवळा अंकुरही. दुसरं नाव विद्रुम, त्यातही 'द्रुम' म्हणजे झाड आहेच. म्हणजे आपल्या पूर्वजांनी याला झाड म्हणूनच पाहिलं. यात त्यांना कमी लेखण्यासारखं काही नाही. १७०६ साली मार्सिली या इटालियन अभ्यासकाने लाल प्रवाळाची ताजी फांदी समुद्राच्या पाण्यात ठेवली. तिच्यावर आठ पाकळ्यांची पांढरी 'फुलं' उमललेली दिसली आणि प्रवाळ ही वनस्पतीच, असं त्याला वाटलं. ती फुलं म्हणजे प्राणी आहेत हे १७२० च्या दशकात पेसोनेल या फ्रेंच वैद्याने सांगितलं, तर पॅरिसच्या विद्वानांनी त्याच्यावर विश्वास ठेवला नाही.

पण भाचीची शंका याहून खोल गेली आहे. दागिन्यातलं लाल पोवळं मुख्यतः भूमध्य समुद्रातलं. ते कपारींत, अंधुक उजेडात, बरंच खोलवर वाढतं आणि त्याच्या पेशीत शेवाळ नसतंच! तो लाल रंग सांगाड्यातल्याच रंगद्रव्याचा. म्हणजे आजीच्या अंगठीपुरतं तुमचं वाक्य खरोखर चुकीचं ठरतं. शेवाळ असतं ते उथळ, स्वच्छ, उन्हाच्या पाण्यात भित्ती बांधणाऱ्या प्रवाळांत. माझं मत असं की पोवळे हा शब्द रत्नासाठी राहू द्यावा आणि जिवंत प्राण्यासाठी प्रवाळ वापरावा. मराठीत ही वाटणी आपोआप होतच आली आहे. 'पोवळ्याची भित्ती' कोणी म्हणत नाही आणि सोनाराकडे कोणी 'प्रवाळ' मागत नाही.

शाळामास्तर:
वाटणी मान्य. पण पुढची अडचण अशी की 'प्रवाळ' हा एकच शब्द आपण तीन गोष्टींना लावतो. एक म्हणजे शुंडकांनी, म्हणजे बारीक सोंडांसारख्या अवयवांनी, वेढलेल्या तोंडाचा इवलासा जीव, दुसरी अशा हजारो जिवांची वसाहत आणि तिसरी त्यांनी बांधलेला चुनखडीचा खडक. मुलं परीक्षेत 'प्रवाळ हा एक खडक आहे' लिहितात, त्यात त्यांचा दोष नाही. मी फळ्यावर प्रवाळजीव, प्रवाळवसाहत आणि प्रवाळभित्ती असे तीन शब्द वेगळे लिहितो. भूगोलात 'कंकणाकृती प्रवाळद्वीप' येतं, लक्षद्वीपची बेटं तशी. कंकण हा शब्द इतका नेमका बसलाय की मुलं ते चित्र विसरत नाहीत. पारिभाषिक शब्द असा असावा.

लिंगाचंही ठरवून घ्या. 'तो प्रवाळ' आणि 'ते प्रवाळ' दोन्ही छापलेलं दिसतं. पोवळे नपुंसकलिंगी, म्हणून मी 'ते प्रवाळ, ती प्रवाळे' करतो. काहीही ठरवा, पण एका पुस्तिकेत एकच.

दर्याकाठ:
मी मालवणचा. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ पर्यटकांना पाण्याखालचं दाखवायला नेतो. इथलं सागरी अभयारण्य १९८७ पासूनचं, तरी पाण्यात उतरलेला माणूस पहिलं काय करतो, तर प्रवाळावर पाय टेकतो. कारण आपणच त्याला 'प्रवाळ खडक' सांगितलेलं असतं. खडक म्हटल्यावर माणूस त्यावर उभा राहणारच. माझे काका होडीतूनच ओरडायचे, "ह्यां झाड न्हय, दगड पन न्हय. ह्यां जितां आसा!" पुस्तिकेत कुठेही नुसतं 'खडक' लिहू नका, एवढी विनंती.

आणि शेवाळ म्हटलं की आमच्या गिऱ्हाइकांच्या डोळ्यांसमोर विहिरीच्या पायरीवरचं हिरवं, बुळबुळीत काहीतरी येतं. प्रवाळ हात लावून बघतात आणि म्हणतात, "कुठे आहे शेवाळ?"

शाळामास्तर:
हे महत्त्वाचं आहे. हे शेवाळ प्रवाळावर साचलेलं नसतं, त्याच्या पेशीच्या आत असतं. एकेक जीव मिलिमीटरच्या साधारण शंभराव्या भागाएवढा, आणि प्रवाळाच्या एका चौरस सेंटिमीटरमध्ये असे दहा लाख किंवा त्याहूनही अधिक. रंग हिरवा नव्हे, सोनेरी तपकिरी. भित्तीवरची बहुतेक प्रवाळं तपकिरी दिसतात ती यामुळेच. म्हणून 'सूक्ष्म शैवाल' म्हणावं. 'शेवाळी' मात्र म्हणू नये, तो शब्द मराठीत वनस्पतींच्या दुसऱ्याच गटाला दिलेला आहे.

मसाल्याचा डबा:
सहजीवनाबद्दल लिहिते. ताई, तुमच्या भाचीला स्वयंपाकघरात न्या आणि गोड्या मसाल्यातलं दगडफूल दाखवा. दगडफूल म्हणजे एक वनस्पती नव्हेच. बुरशी आणि शैवाल यांचा तो एकत्र संसार आहे. बुरशी आधार आणि ओलावा देते, शैवाल उन्हावर अन्न तयार करतं. शास्त्रीय मराठीत त्याला 'शैवाक' म्हणतात, पण दगडफुलासमोर तो शब्द कोरडा वाटतो. नावातच दगड आणि फूल दोन्ही आहेत. वरच्या मार्सिलीची 'फुलं' वाचली आणि वाटलं, हे नाव आधीच दिलेलं नसतं तर प्रवाळालाच शोभलं असतं.

निरुक्त:
तुम्ही नेमक्या उगमावरच बोट ठेवलंत. 'सिंबायोसिस' हा शब्द जीवशास्त्रात रुजला तो दगडफुलाच्याच अभ्यासातून. डी बारी या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने १८७९ साली त्याची व्याख्या छापली: भिन्न जातींच्या जीवांनी एकत्र राहणं. एवढंच. त्यात फायदा-तोट्याची अट नव्हती, परजीवीसुद्धा त्यात बसत होते. ग्रीकमध्येही 'सोबत' आणि 'जगणं' हेच दोन तुकडे आहेत. त्यामुळे 'सहजीवन' हा प्रतिशब्द अगदी चोख आहे. (पुण्यात सिंबायोसिस म्हटलं की कॉलेजच आठवतं. १९७१ साली ती संस्था काढणारे मुजुमदार वनस्पतिशास्त्राचेच प्राध्यापक होते, म्हणजे शब्द तिथेही याच शास्त्रातून गेला.)

दोघांचाही फायदा होतो हे ठासून सांगायचं असेल तर 'सहोपकार' म्हणता येईल. लग्नाच्या अर्थामुळे सहजीवन टाकून देऊ नका. लग्नातही दोन भिन्न माणसं एकत्र राहतात, मुलांना ते आधीच समजलेलं आहे.

सांजवात:
सहजीवन ठेवते. दगडफुलाचं चित्रही घेते, धन्यवाद. आता एक शब्द मला फार छळतो आहे. ज्याच्या शरीरात दुसरा जीव राहतो त्याला मराठीत 'पोशिंदा' म्हणतात, कुठे 'यजमान'. जंताच्या बाबतीत माणूस पोशिंदा, ते ठीक. पण प्रवाळाच्या बाबतीत पोसतं कोण?

शाळामास्तर:
उलट आहे सगळं! शेवाळ उन्हात साखर, ग्लिसरॉल वगैरे तयार करतं आणि त्यातला बराच मोठा भाग प्रवाळाला देऊन टाकतं. उथळ पाण्यात प्रवाळाच्या ऊर्जेच्या गरजेपैकी ९० टक्क्यांपर्यंत वाटा यातून भागू शकतो. चुनखडीचा सांगाडाही उजेडात भरभर वाढतो. प्रवाळ त्याला देतं ती जागा, आडोसा, आपल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड आणि नायट्रोजन, फॉस्फरस असलेला आपला टाकाऊ भाग. उष्ण समुद्राचं स्वच्छ निळं पाणी म्हणजे पोषणद्रव्यांचा दुष्काळच. तिथे एवढ्या भित्ती उभ्या राहतात त्या या देवघेवीवर. रात्री शुंडकं पसरून प्रवाळ बारीक जीवही पकडतं, पण मुख्य शिधा घरातून येतो. 'पोशिंदा' इथे घरमालकाला लावला तर अर्थाचा अनर्थ होईल.

निरुक्त:
मग प्रवाळाला 'यजमान' म्हणा आणि पोसण्याचा मान शेवाळाला द्या. त्याला आधारही आहे. झूझॅन्थेला हे नाव कार्ल ब्रँट यांनी १८८१ साली दिलं, अर्थ 'प्राण्यातलं पिवळं'. ज्या शेवाळाला त्यांनी ते दिलं ते रेडिओलारियन या एकपेशीय सागरी जीवांतलं होतं आणि त्याचं पूर्ण नाव होतं 'झूझॅन्थेला न्यूट्रिक्युला'. न्यूट्रिक्युला म्हणजे लॅटिनमध्ये दाई, पोसणारी. नाव देणाऱ्याच्या मनातही हेच होतं. प्रवाळांतल्या शेवाळाचं आजचं शास्त्रीय कुळ सिंबायोडिनिएसी, पण ते मुलांना नको. 'पीतशैवाल' असा शब्द मी सुचवणार होतो, आता सुचवत नाही. रंगापेक्षा काम मोठं.

मसाल्याचा डबा:
प्रत्येक प्रवाळाला हे शेवाळ आईकडून मिळतं का? की बाहेरून?

शाळामास्तर:
बहुतेक जातींत बाहेरून. पिल्लू शेवाळाविना जन्मतं आणि आजूबाजूच्या पाण्यातून ते गिळून पेशीत ठेवतं. काही मोजक्या जातींत मात्र अंड्यातच आईचं शेवाळ येतं. हे फक्त प्रवाळांचंच नाही. महाशिंपला, म्हणजे आपल्या तिसऱ्यांचा (खाण्याच्या शिंपल्यांचा) मीटरभर लांबीचा भाऊबंद, आपलं मांसल आवरण उन्हाला उघडून बसतो. त्याचं शेवाळ पेशीत नसून पोटापासून निघालेल्या बारीक नळ्यांत असतं. कॅसिओपिया ही जेलीफिश उथळ तळावर उताणी पडते, शेवाळाला ऊन मिळावं म्हणून. फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यावर एक हिरवागार चपटा किडा आहे, ओहोटीला वाळूवर येऊन उन्हात पसरतो. उत्तर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरची एलिसिया ही समुद्री गोगलगाय मात्र या यादीत घालू नका. ती शेवाळ खाते आणि त्यातली हरितलवकं, म्हणजे उन्हावर अन्न बनवणारे हिरवे कण, तेवढी आपल्या पेशीत राखून ठेवते. शेवाळ जिवंत उरत नाही, त्यामुळे ते सहजीवन नव्हे. लवकांची चोरी म्हणा हवं तर.

दर्याकाठ:
राहिला 'विरंजन'. माझा या शब्दावर राग आहे. विरंजक चूर्ण, म्हणजे ब्लीचिंग पावडर, आम्ही विहिरीत टाकतो. एका पर्यटकाने मला विचारलं होतं, "प्रवाळांवर ब्लीचिंग पावडर कोण टाकतं?" कोणीही काही टाकत नाही. पाणी तापतं, एवढंच.

शाळामास्तर:
उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा साधारण १ अंश जास्त, आणि ते काही आठवडे टिकलं, तरी पुरतं. तापलेल्या शेवाळाचं प्रकाशसंश्लेषण बिघडतं, त्यातून विषारी ठरणारे ऑक्सिजनचे प्रकार तयार होतात आणि शेवाळ पेशींतून बाहेर पडतं. मागे उरतं पारदर्शक मांस आणि त्याखालचा पांढरा सांगाडा. रंग उडाला, असं नव्हे. रंग असणारा जीव निघून गेला. लक्षद्वीपमध्ये १९९८, २०१० आणि २०१६ ला हे मोठ्या प्रमाणावर झालं. एप्रिल २०२४ मध्ये जगभरातली चौथी अशी घटना जाहीर झाली.

मसाल्याचा डबा:
मग 'पांढरं पडणं' म्हणा ना! आपण म्हणतो, 'तापाने पोर पांढरंफटक पडलं.' त्यात आजार आहे, काळजी आहे, पण मरण नाही. बातम्यांत 'विरंजित म्हणजे मृत' असं धरून चालतात ते चूक ना?

शाळामास्तर:
चूकच. पांढरं पडलेलं प्रवाळ उपाशी असतं, मेलेलं नसतं. पाणी वेळेत निवलं तर शेवाळ पुन्हा भरतं. नाही निवलं तर प्रवाळ मरतं, आणि मग त्या सांगाड्यावर खरंच ते विहिरीच्या पायरीवरचं शेवाळ चढतं. दर्याकाठ, तुमच्या गिऱ्हाइकांना शोधायला लागू नये असं ते शेवाळ.

सांजवात:
सगळ्यांचे मनापासून आभार. पहिलं पान आता असं आहे:

"प्रवाळ हा दगड नाही आणि झाडही नाही. तो एक प्राणी आहे. उथळ, उन्हाच्या पाण्यातल्या प्रवाळाच्या पेशीत डोळ्यांना न दिसणारं सोनेरी शेवाळ राहतं. शेवाळ उन्हावर अन्न बनवतं आणि प्रवाळाला पोसतं. प्रवाळ त्याला घर देतं. याला सहजीवन म्हणतात. पाणी फार तापलं की शेवाळ घर सोडतं, आणि प्रवाळ उपाशी राहून पांढरं पडतं."

('तो' फक्त प्राणी या शब्दासाठी आहे, मास्तर. प्रवाळ नपुंसकलिंगीच ठेवलं आहे.)

एकच जागा रिकामी आहे. शेवाळ परत येऊन प्रवाळाला पुन्हा रंग चढतो, त्याला काय म्हणू? 'पुनर्प्राप्ती' लिहवत नाही.

निरुक्त:
पालवणं. पालवी पल्लवापासून आली, प्रवाळ प्रवालापासून, धातू वेगळे. पण अर्थ दोन्हीकडे तोच, कोवळा अंकुर. लिहा: 'पाणी निवलं आणि प्रवाळ पुन्हा पालवलं.'

दर्याकाठ:
ह्यां बरां आसा. पुढच्या फेरीपासून मी हेच सांगतो.