मदत हवी आहे: शिवराई नाण्यांचा काळ कसा ओळखावा आणि ती कशी जपावीत?

नमस्कार.

वाई तालुक्यातील माझ्या आजोळच्या घराची वाटणी झाली, तेव्हा देवघरातील जुनी नाणी मामांनी माझ्या स्वाधीन केली. त्यांत तांब्याची ४१ नाणी, राणी व्हिक्टोरियाच्या मुखवट्याचा १८६२ सालचा एक चांदीचा रुपया आणि तांब्याचाच, पण इतरांहून बराच मोठा व गुळगुळीत असा एक तुकडा आहे. मला ही नाणी विकायची नाहीत. त्यांची नीट वर्गवारी करून, प्रत्येकासोबत चार ओळींची विश्वसनीय माहिती लिहून ती पुढच्या पिढीकडे द्यावीत, एवढाच हेतू आहे.

तांब्याच्या नाण्यांच्या, म्हणजे शिवराईच्या, एका बाजूस ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूस ‘छत्र पति’ अशी अक्षरे आहेत. मात्र एकाही नाण्यावर संपूर्ण मजकूर उमटलेला नाही. कुठे ‘श्री’ काठाबाहेर गेला आहे, कुठे ‘जा’ आणि ‘व’ एवढेच दिसतात. बहुतेकांवर ‘छत्र’ आणि ‘पति’ यांच्यामध्ये दोन आडव्या रेघा आहेत आणि त्यांचे वजन आठ ते दहा ग्रॅमच्या दरम्यान भरते. तीन नाण्यांवर रेघा नाहीत, अक्षरांची ठेवण अधिक रेखीव आहे, काठाशी ठिपक्यांच्या वर्तुळाचा काही भाग दिसतो आणि ती अकरा ग्रॅमच्या पुढे जातात. घरात सर्वांची समजूत अशी आहे की, नाण्यांवर महाराजांचे नाव असल्याने ती सगळीच महाराजांच्या हयातीतील आहेत. मला हे पटत नाही, पण खोडून काढण्याइतकी माहितीही माझ्याजवळ नाही.

मोठ्या तुकड्यावर एका बाजूस राम, सीता, लक्ष्मण आणि पायाशी मारुती आहेत. दुसऱ्या बाजूस इंग्रजीत ईस्ट इंडिया कंपनीचे नाव, ‘हाफ आणा’ आणि १८१८ हे साल आहे. हे नाणे दुर्मीळ असून त्याचे काही लाख रुपये मिळतील, असे एका अनोळखी व्यक्तीने फोनवर सांगितले आणि रिझर्व्ह बँकेच्या नावाने आधी नोंदणी शुल्क भरावयास सुचवले. मी अर्थातच काही भरलेले नाही.

जाणकारांना माझे प्रश्न असे आहेत. शिवराईचा काळ कोणत्या खुणांवरून ठरवावा? नाण्यांवर हिरवट-काळा थर आहे, तो काढावा काय? नातेवाईक चिंचेच्या कोळाने नाणी लख्ख करून देण्यास उत्सुक आहेत आणि त्यांना थोपवणे दिवसेंदिवस अवघड होत चालले आहे. शिवाय माझी धाकटी बहीण कॅनडात असते. आठवण म्हणून यांतील काही नाणी तिला पाठवता येतील काय?

उत्तर:

आपण नाणी अद्याप धुतलेली नाहीत, ही सर्वांत चांगली गोष्ट आहे, म्हणून त्या प्रश्नापासून सुरुवात करतो. तांब्यावर शे-दीडशे वर्षांत जमलेला घट्ट, गडद थर धातूचे रक्षण करतो आणि झिजलेल्या अक्षरांना उठावही देतो. चिंच, लिंबू किंवा भांडी घासण्याची पूड लावली की आम्लात थराबरोबर अक्षरांच्या कडाही विरघळतात आणि उरतो तो एक गुलाबी, निर्जीव तुकडा. तसे नाणे अभ्यासकाच्या उपयोगाचे राहत नाही. माती चिकटली असेल तर ती ऊर्ध्वपातित पाण्यात भिजवून मऊ कुंचल्याने काढावी आणि नाणे पूर्ण कोरडे करावे. अपवाद एकच: फिकट हिरवा, नखाने भुकटीसारखा निघणारा कळंक एखाद्या ठिकाणी वाढत असेल, तर तो क्षारांमुळे होणारा गंज आहे आणि दमट हवेत तो पसरतो. असे नाणे लगेच वेगळे काढून कोरड्या जागी ठेवावे.

आता काळाविषयी. आपली शंका रास्त आहे. शिवाजी महाराजांनी १६७४ मध्ये राज्याभिषेकानंतर स्वतःच्या नावाने सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई पाडली, परंतु हाच मजकूर पुढे छत्रपतींच्या वारसांच्या, पेशव्यांच्या आणि अखेरीस कंपनी सरकारच्या आरंभीच्या काळापर्यंत चालू राहिला. लोकांचा विश्वास त्या नावावर होता आणि बाजाराला ओळखीचे नाणे हवे असते. त्यामुळे नाव पाहून काळ ठरवता येत नाही. ठसा, अक्षरवळण आणि वजन हे तिन्ही एकत्र पाहावे लागतात.

दोन रेघांच्या नाण्यांना संग्राहक दुदांडी शिवराई म्हणतात. ती पेशवाईच्या उत्तरकाळातील आणि त्यानंतरच्या काही वर्षांतील समजली जातात. आपल्याकडील बहुसंख्य नाणी याच गटातील दिसतात आणि महाराष्ट्रात ती मुबलक सापडतात. रेघा नसलेली, ठिपक्यांच्या वर्तुळाची तीन जड नाणी अधिक जुनी असण्याचा संभव आहे, पण छायाचित्रे पाहिल्याविना मी ‘शिवकालीन’ हा शब्द वापरणार नाही. हा शब्द हल्ली फार स्वस्त झाला आहे. ‘शिव’ ऐवजी ‘शंभू’ अशी अक्षरे कोठे दिसतात काय, हेही भिंगातून तपासावे, कारण संभाजी महाराजांची नाणी याच घडणीची आहेत.

अपुऱ्या मजकुराचे कारण सोपे आहे. ठसा मोठा आणि तांब्याची चकती लहान असे. कारागीर हातोड्याने घाव घालून नाणे पाडत असल्याने दर वेळी ठशाचा वेगळा भाग उमटे. म्हणून निरनिराळ्या नाण्यांवरील तुकडे कागदावर जुळवून संपूर्ण ठसा उभा करणे हा शिवराईच्या अभ्यासातील खरा आनंद आहे. उलट, सर्व अक्षरे मध्यभागी आणि स्पष्ट असलेली शिवराई कोणी फार कमी किमतीत देऊ केली, तर ती साच्यात ओतलेली नक्कल असू शकते; तिच्या काठावर ओतकामाची शिवण आणि पृष्ठभागावर बुडबुड्यांचे खड्डे आहेत काय, हे आधी पाहावे.

रामदरबाराचा तुकडा हे नाणेच नव्हे. १८१८ साली, म्हणजे पेशवाई बुडाली त्या वर्षी, मुंबई इलाख्यातील कंपनीच्या तांब्याच्या नाण्यांवर तराजू आणि ‘अदल’ हा फारसी शब्द असे. कंपनीचा साऱ्या मुलखासाठी एकसारखा अर्धा आणा १८३५ पासून आला. त्यावर कंपनीचे चिन्ह आहे, देवदेवता नाहीत. आपल्याकडील तुकडा बऱ्याच नंतर श्रद्धाळूंसाठी आणि भोळ्या ग्राहकांसाठी बनवलेला आहे. तो देवघरात अवश्य ठेवावा. जुन्या नाण्यांच्या व्यवहारात रिझर्व्ह बँकेचे नाव वापरून शुल्क मागणाऱ्यांपासून सावध राहण्याची सूचना त्या बँकेने २०२१ मध्येच दिली आहे. बँक असे व्यवहार करत नाही.

धागाकर्ता:

सविस्तर उत्तरासाठी मनःपूर्वक आभार. चांदीच्या रुपयाचे साल तरी निश्चित मानावे काय? आणि बहिणीविषयीचा प्रश्न राहिला आहे.

उत्तर:

रुपयाच्या बाबतीतही सावधगिरी हवी. १८६२ हे साल ठशावर गोठवले गेले आणि त्यानंतर १८७४ पर्यंत पाडलेल्या रुपयांवरही तेच साल राहिले. त्या वर्षांतील फरक मागील बाजूच्या बारीक टिंबांवरून अभ्यासक लावतात. वजन ११.६६ ग्रॅमच्या आसपास भरले पाहिजे, झिजेमुळे किंचित कमी चालेल. त्यातील चांदी सुमारे ९१.७ टक्के असते.

नाणी परदेशी पाठवू नयेत. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुने नाणे ही पुरावस्तू ठरते आणि खासगी व्यक्तीस तिची निर्यात करता येत नाही, मग ती टपालाने असो की सामानातून. बहिणीला उत्तम छायाचित्रे द्यावीत. तिच्या वाट्याची नाणी तिच्या नावाने येथेच वेगळ्या पाकिटात ठेवता येतील. पाकिटे मात्र मऊ पीव्हीसीची नसावीत, कारण त्यातून कालांतराने आम्ल सुटते आणि तांबे हिरवे पडते. पारदर्शक पापुद्रा लावलेल्या पुठ्ठ्याच्या चौकटी मिळतात, त्या घ्याव्यात आणि पेटीत ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात.

रेघा नसलेल्या तीन नाण्यांची दोन्ही बाजूंची छायाचित्रे येथे टाकावीत. नाण्याशेजारी मिलिमीटरची पट्टी असावी, प्रकाश एका बाजूने तिरका यावा आणि प्रत्येकाचे वजन दशांशापर्यंत द्यावे. प्रत्यक्ष दाखवावयाची असतील, तर नाशिकजवळ अंजनेरी येथे नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे. आधी पत्र लिहून वेळ ठरवून जावे.