वणवा कोणाच्या हद्दीतला? (‘गाववाल्यांनीच विझवावा’ या पोस्टला उत्तर)

काजूवाला
काल इथे एकाने लिहिलं, ‘कोकणातले वणवे गाववालेच लावतात, त्यांनीच विझवावेत. जिल्ह्याची यंत्रणा कशाला जुंपायची?’ डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

गेल्या मार्चात दुपारी दीडला पलीकडच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, धूर दिसला. पहिला फोन वनखात्याला. ‘जमीन खाजगी ना? मग आमच्यात येत नाही.’ दुसरा नगरपरिषदेला. ‘हद्दीबाहेर बंब काढायचा तर साहेबांची परवानगी लागेल.’ तिसऱ्या ठिकाणी नोंद करून घेतली, झालं. तोवर आम्ही नऊ जण, त्यातले चार साठी ओलांडलेले, ऐनाचे टहाळे घेऊन आग झोडपत होतो. वेंगुर्ला-4 जातीच्या काजूची बारा वर्षांची कलमं गेली, बोंडं झाडावरच उकडली. बंब आला साडेपाचला, तोही बागेच्या दगडी गडग्यापर्यंत. पुढे वाटच नाही. गाडी होती, माणसं होती, पाणी होतं. ‘सोड’ म्हणणारा कोणी नव्हता.

वाशिष्ठीकाठ
‘सोड’ म्हणणारा 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यात आहे की! जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी. कलम 34 प्रमाणे कुठल्याही खात्याची, नगरपरिषदेची साधनं ते मागवू शकतात. पण तुमच्या बागेला आपत्ती म्हणणार कोण?

आणि मोठ्या आपत्तीत तरी काय दिवे लागले? 22 जुलै 2021. इकडे चिपळूण बुडालं, त्याच दिवशी महाडजवळ तळीयेत दरड आली. एनडीआरएफची, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची, बटालियन पुण्याकडे, मध्ये सह्याद्री. मी माळ्यावर आईला घेऊन बसलो होतो, जिन्याच्या सातव्या पायरीला पाणी. आम्हाला काढलं ते खाडीपट्ट्यातल्या मच्छीमारांनी, स्वतःच्या होडीतून. त्यांना कुठल्या कंट्रोल रूमने पाठवलं नव्हतं.

डोंबिवलीकर
भावना समजल्या. पण काडी कोण लावतं ते बोला. पुढच्या वर्षी गवत चांगलं यावं म्हणून कोण पेटवतं? भाजावळीची, म्हणजे पेरणीआधी शेत भाजायची, आग बांधाबाहेर कोण सोडतं? भारतीय वन सर्वेक्षणाचे उपग्रहावरून आगीचे इशारे फुकट मिळतात, नाव नोंदवलं की फोनवर. किती जणांनी नोंदवलंय?

काजूवाला
मी नोंदवलंय. उपग्रह दिवसातून ठरावीक वेळाच वरून जातो. माझा इशारा आला तेव्हा मी राखेत उभा होतो.

आणि काडीचं म्हणाल तर, आग माझ्यात आली ती एका चाकरमान्याच्या पडीक जमिनीतून. गवत कमरेएवढं. सात-बारावर सतरा नावं, कापणारा एक नाही.

डोंबिवलीकर
आलंच शेवटी चाकरमान्यांवर! घरपट्टी आम्ही भरतो, देवळाची वर्गणी आम्ही देतो. मजूर लावायचा तर गावात आज रोज किती मागतात, माहितीये?

सड्यावरची
घरपट्टीने आग विझते होय? आमच्या वाडीत जाळरेषा, म्हणजे आग अडवायला गवत काढलेला पट्टा, बायका काढतात. दोन दिवस खपून पट्टा काढला, तो तुमच्यासारख्याच एकाच्या कुंपणाशी तुटला. ‘विचारल्याशिवाय आत शिरायचं नाही’ म्हणून मुंबईहून फोन! वणव्याने विचारलं नाही, सरळ शिरला.

वाशिष्ठीकाठ
विषय बंबाचा होता, भाऊबंदकीचा नाही.

सड्यावरची
विषय तोच आहे. बंब मागवायलाही हद्द आडवी येते, गवत कापायलाही. जिल्ह्याचा नियंत्रण कक्ष रत्नागिरीत काढला तरी तिथला माणूस आमच्या वाडीची वाट कुणाला विचारणार? दर दोन-तीन गावांत पाठीवरचे ब्लोअर आणि फवारणी पंप द्या. बंब ज्याचा जवळ, त्याने निघायचं, परवानगीचा कागद मागाहून.

वाशिष्ठीकाठ
ब्लोअर द्याल, चालवणार कोण? वर काजूवाल्यांनीच सांगितलं, आग झोडपणाऱ्या नवांत चार साठी ओलांडलेले. पण ‘कागद मागाहून’ हे मान्य. एवढंच हं.

डोंबिवलीकर
ठीक आहे बाबा, मीच नालायक. मेमध्ये येऊन गवत कापतो, खूश?

काजूवाला
मेमध्ये राख झाडायला या. गणपतीत गवत हिरवं असतं, शिमग्याला उशीर झालेला असतो. यायचं तर दिवाळी झाल्या झाल्या. कोयता मी देतो.

डोंबिवलीकर
दिवाळीनंतर रजा मिळत नाही. मजुराचे पैसे पाठवतो. आमच्या सतरा जणांत वाटणी कशी घालायची ते तेवढं सांगा.