जर्सी घालणं सोपं होतं

दक्षिण आफ्रिकेचे तेव्हाचे अध्यक्ष नेल्सन मंडेलांनी १९९५च्या रग्बी विश्वचषकाच्या अंतिम सामन्याला देशाच्या संघाची हिरवी जर्सी घातली आणि देश जोडला गेला, असं नेहमी सांगितलं जातं. पण जर्सी हा त्यातला सोपा भाग होता हो. त्या संघाचं स्प्रिंगबॉक हरणाचं चिन्ह म्हणजे वर्णद्वेषाची निशाणी, ते काढूनच टाका, असा आग्रह मंडेलांच्या स्वतःच्याच लोकांचा होता. त्यांची नाराजी अंगावर घेऊन ते चिन्ह राखलं, खरी कसोटी ती. आणि देश एका सामन्यात जोडला वगैरे काही गेला नाही. त्या संघात चेस्टर विल्यम्स हा एकटाच गोरा नसलेला खेळाडू होता. सिया कोलिसी या रग्बी संघाचा पहिला कृष्णवर्णीय कसोटी कर्णधार व्हायला २०१८ उजाडलं.

सोलापुरात पूर्व भागात आम्ही कबड्डी खेळायचो. संघात तेलुगू, कन्नड, मराठी, उर्दू सगळं चालायचं (शिव्या तर चारही भाषांत). एका निवडणुकीत संघाचे दोन तट पडले, सरावात कोणी कोणाशी बोलेना. आमच्या कर्णधाराने भाषण वगैरे दिलं नाही. ज्या दोघांचं सगळ्यात जास्त वाजलं होतं, त्यांनाच त्याने साखळीत शेजारी उभं केलं. हातात हात. एकाने सोडला की चढाई करणारा निसटलाच. पहिल्यांदा हात सुटला तेव्हा कर्णधार ओरडला ते मात्र स्वतःच्या गल्लीतल्या पोरावर. तो पोरगा मीच. आठवडाभर मी त्याच्याशी बोललो नव्हतो.