पाण्याच्या टाकीत घर: थॉर्पनेसची गोष्ट खरी का?

जिनिंगवाला, काटोल रोड
आमच्या कापसाच्या जुन्या जिनिंगच्या आवारात सिमेंटची टाकी उभी आहे, वीस वर्षं कोरडी. पोरगी इंग्लंडमधल्या टाकीच्या घराचा फोटो दाखवते, म्हणते, "बाबा, आपणही असं करू." वर पाणी असतानाच खाली माणसं राहत होती म्हणे. खरं का? आणि आपल्या उन्हात जमेल?

निवृत्त_अभियंता
खरं आहे भाऊ. इंग्लंडच्या सफोक परगण्यातलं थॉर्पनेस हे ओगिल्वी नावाच्या जमीनदारानं वसवलेलं सुट्टीचं गाव. १९२३ मध्ये तिथे टाकी उभारली, पण ती उघडी दिसू नये म्हणून वरच्या लोखंडी टाकीला घराचं रूप दिलं: खोट्या खिडक्या, उतरतं छप्पर. खालच्या मनोऱ्यात खोल्या. म्हणजे डोक्यावर ५०,००० गॅलन, सुमारे २२७ टन पाणी आणि खाली संसार! शेजारची पवनचक्की पाणी चढवायची. दुसऱ्या महायुद्धात विमानविरोधी तोफेचा गोळा टाकीलाच लागला. तिच्याच पत्र्यानं डागडुजी केली, तेव्हा ती ३०,००० गॅलनची उरली. १९७७ ला नळाचं पाणी आल्यावर टाकीचं काम संपलं, १९७९ ला ती काढली, आणि तेव्हा कुठे वरचा भाग घर झाला.

मी आयुष्यभर टाक्यांवर चढलो आहे, म्हणून सांगतो. पाणी गेलं की खांबांवरचं ओझं उतरतं, पण रिकाम्या टाकीला वादळात वारा जास्त भारी पडतो. छताची आतली बाजू हातोडीनं ठोकून बघा. ओल तिथे बसते, सळई तिथेच आधी गंजते. पोकळ आवाज आला तर थांबा. भिंतीतल्या आडव्या सळया कड्यासारख्या गोल फिरतात, डिझाइनशिवाय खिडकी कापू नका.

धरमपेठची_सून
आणि ऊन? आपल्या नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. माझे बाबा व्हॉल्वमन होते. भरलेल्या टाकीखाली दुपारी डबा खायला बसायचे, तिथे गार लागायचं. ते गारपण पाण्याचं होतं हो, सिमेंटचं नाही. छपरावर दुसरं छप्पर घाला, मधून वारा जाऊ द्या.

जिनिंगवाला, काटोल रोड
रविवारी हातोडी घेऊन चढतो.

निवृत्त_अभियंता
एकटे नका चढू. लोखंडी शिडी आधी गंजलेली असते. मला निरोप द्या, मी येतो.